दत्तक घेतलेल्या मिश्र जातीच्या पिल्लाची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर सापडलेली किंवा कुणाच्या तरी अंगणात जन्मलेली कुत्र्याची पिल्ले काही आठवडे स्वतःच्या घरी सांभाळायची आणि मग कायमच्या घरी पाठवायची, हे काम मी पुण्यात बरीच वर्षे करते आहे. पिल्लू नव्या घरी गेल्यावर पहिल्या महिन्यात जे फोन येतात, त्यांतील प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते: 'गावठीच आहे, त्याला काही होत नाही.' हे वाक्य खरे नाही. त्यावर विसंबल्यामुळे पिल्ले दगावतात, म्हणून खालील उत्तरांत काही गोष्टी मी मुद्दाम ठासून सांगितल्या आहेत.

आमचे पिल्लू 'लॅबचा क्रॉस' आहे असे सांगितले आहे. ते नक्की कशाचे मिश्रण आहे आणि किती वाढेल?

आई समोर दिसते, बाप क्वचितच दिसतो. शिवाय एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात. त्यामुळे 'लॅबचा क्रॉस' किंवा 'पामेरियनचा क्रॉस' हा बहुतेक वेळा अंदाजच असतो. पुण्या-मुंबईत लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड आणि स्पिट्झ यांचे मिश्रण जास्त आढळते, तर सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या पिल्लांमध्ये कारवानी किंवा पश्मी कुत्र्यांचे लांब पाय आणि अरुंद छाती दिसू शकते. वाढीचा अंदाज बांधायचा असेल तर मध्यम आकाराच्या कुत्र्याचे चौथ्या महिन्यातील वजन पूर्ण वाढीच्या साधारण निम्मे असते, एवढे लक्षात ठेवावे.

मिश्र रक्तामुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता कमी होते, हे खरे आहे. मात्र पार्व्हो (उलट्या आणि रक्ती जुलाबांचा विषाणूजन्य आजार), डिस्टेंपर (श्वसन आणि मेंदूवर परिणाम करणारा विषाणूजन्य आजार), रेबीज, जंत आणि गोचीड ताप यांना जातीशी काही देणेघेणे नसते.

पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

शक्य तितके कमी करावे. नातेवाईक आणि शेजारची मुले यांना पहिल्या दिवशी बोलावू नये. पाण्याचे भांडे, झोपण्याची एक जागा आणि शू करण्याची एक जागा दाखवून पिल्लाला आपले आपण हुंगत फिरू द्यावे. आधीच्या घरी जे खाणे चालू होते तेच चार-पाच दिवस द्यावे आणि मग हळूहळू बदलावे, कारण जागा आणि अन्न एकाच दिवशी बदलले की पोट बिघडते. दोन दिवसांच्या आत पशुवैद्याकडे तपासणी करून घ्यावी. जाताना पिल्लाला दवाखान्याच्या फरशीवर सोडू नये. मांडीवर किंवा टोपलीत ठेवावे, कारण त्याच फरशीवर आजारी कुत्रीही उभी राहून गेलेली असतात.

पिल्लू ८ आठवड्यांपेक्षा लहान असेल आणि आई जवळपास असेल, तर ते तिच्यापासून तोडू नये. दूध सुटले म्हणजे आईची गरज संपली असे नाही, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते.

ते रात्रभर रडते. रडू दिले तर आपोआप शांत होते का?

रडून रडून थकते. त्याला शांत होणे म्हणता येणार नाही. कालपर्यंत चार-पाच भावंडांच्या उबेत झोपणारे पिल्लू आज पहिल्यांदा एकटे असते. त्याचे अंथरूण पहिले काही आठवडे आपल्या पलंगाशेजारी ठेवावे, हात खाली सोडला तर त्याला लागेल इतके जवळ. थंडीत गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून अंथरुणाच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे उकडले तर त्याला बाजूला सरकता येते.

माझ्याकडे आलेल्या एका तांबूस पिल्लाने पहिल्या रात्री कापसाची मऊ गादी सोडून माझ्या घरातल्या चपलांच्या जोडीवर हनुवटी टेकवली आणि तेथेच झोप घेतली. त्याला माणसाचा वास हवा होता. तेव्हापासून मी नव्या घराला सांगते की, धुतलेली नवी चादर देण्याऐवजी स्वतः वापरलेली जुनी साडी किंवा बनियन त्याच्या अंथरुणात ठेवावा. बहुतेक पिल्ले आठवड्याभरात रात्र निभावू लागतात.

लसी कोणत्या, कधी आणि किती वेळा द्याव्या लागतात?

पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि मग पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर ३ ते ४ आठवड्यांनी पुढचे डोस द्यायचे असतात. दवाखान्यात ज्यांना 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात त्या लसींमध्ये डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताचा विषाणूजन्य दाह आणि लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा आजार) यांच्याविरुद्धचे संरक्षण असते. रेबीजची लस वेगळी असते. ती ३ महिने पूर्ण झाल्यावर देतात, पशुवैद्याच्या सल्ल्याने तिचा पुढचा डोस देतात आणि नंतर साधारणपणे दरवर्षी. प्रत्येक डोसची नोंद पुस्तिकेत लसीच्या स्टिकरसह करून घ्यावी.

'एकदा लस दिली, मग पुन्हा कशासाठी?' असे पुष्कळ जण विचारतात. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती काही आठवडे त्याचे रक्षण करते. पण तीच प्रतिकारशक्ती लसीलाही निष्प्रभ करते. ती कोणत्या आठवड्यात संपेल हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत वेगळे असते, म्हणून ठरावीक अंतराने डोस देत राहावे लागते; त्यांपैकी कोणता तरी डोस योग्य वेळी लागू पडतो. शेवटचा डोस चुकला तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात.

ही गोष्ट मी मोठी किंमत देऊन शिकले आहे. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे असलेली एक काळी मादी इतकी खेळकर आणि धडधाकट होती की, घरच्या कार्याच्या गडबडीत मी तिचा दुसरा डोस दोन आठवडे पुढे ढकलला. त्या दोन आठवड्यांतच तिला पार्व्हो झाला. चार दिवस सलाइन लावूनही ती वाचली नाही. त्यानंतर मी लसीची तारीख कधीच पुढे ढकललेली नाही.

पार्व्हो कसा ओळखावा?

पिल्लू आधी खाणे सोडते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. मग उलट्या सुरू होतात, बहुधा फेसाळ किंवा पिवळसर. पाठोपाठ पातळ जुलाब होतात आणि त्यांत रक्त दिसू लागते. त्या जुलाबाला एक विशिष्ट सडका वास येतो. एकदा अनुभवलेला माणूस तो विसरत नाही. संसर्ग झाल्यापासून साधारण ३ ते ७ दिवसांत ही लक्षणे दिसतात.

घरी एक तपासणी करता येते. पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरडीवर बोटाने हलकेच दाबावे: जागा पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या आणि चिकट लागत असतील, किंवा मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर तशीच उभी राहत असेल, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे असे समजावे आणि रात्र असली तरी दवाखाना गाठावा. पिल्लाचे दुखणे अंगावर काढण्यासारखे नसते. ते काही तासांतच खालावते. जुलाब थांबवण्याच्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत, आणि उलट्या होत असताना साखर-मिठाचे पाणी जबरदस्तीने पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. वेळेवर सलाइन आणि उपचार मिळालेली बहुतेक पिल्ले वाचतात.

ज्या घरात पार्व्होने पिल्लू दगावले आहे, तेथे घाईने दुसरे आणू नये. हा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असे द्रावण करून फरशी आधी पुसून मग त्याने १० मिनिटे ओली ठेवावी लागते. त्यानंतरही लसीकरण पूर्ण झालेलेच कुत्रे आणावे.

जंताचे औषध एकदा दिले तर पुरते का?

पुरत नाही. गोल कृमी आईच्या पोटात असतानाच पिल्लाच्या शरीरात येऊ शकतात आणि अंकुश कृमी आईच्या दुधातून येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून ३ महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, पुढे ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर ३ महिन्यांनी औषध देण्याची पद्धत आहे. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे प्रत्येक वेळी वजन करावे. अंग रोड आणि पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर ते बाळसे नसून बहुधा जंत असतात. हेच जंत माणसांच्या लहान मुलांनाही होऊ शकतात, म्हणून पिल्लाची शी लगेच उचलावी आणि खेळून झाल्यावर मुलांना हात धुवायला लावावेत.

दूध-पोळी खाऊन पूर्वीची कुत्री वाढलीच ना? मग वेगळे खाणे कशाला?

पूर्वीची जी कुत्री वाढली ती आपल्याला आठवतात. जी लहानपणीच गेली त्यांची आठवण कुणी ठेवलेली नसते. शिवाय गावातले कुत्रे दूध-भाकरीखेरीज घुशी, उंदीर, कोंबडीचे टाकलेले अवशेष असे बरेच काही खात असे. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेतील पिल्लाला यातले काहीही मिळत नाही. वाढत्या पिल्लाच्या अन्नात कोरड्या वजनाच्या हिशेबाने २२ टक्क्यांहून अधिक प्रथिने असावी लागतात. गव्हाच्या पोळीत त्याच्या निम्म्याच्या आसपास असतात. गाई-म्हशीचे दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि त्याने जुलाब होतात.

सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे पिल्लांसाठी असे स्पष्ट लिहिलेले चांगल्या प्रतीचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून देणे. घरचेच द्यायचे असेल तर मऊ भात किंवा ज्वारीची भाकरी, त्यात शिजवलेले चिकन किंवा अंडे आणि थोडा लाल भोपळा अथवा गाजर द्यावे. मीठ, तिखट, फोडणी काहीही नको. मात्र अशा जेवणात कॅल्शियम हमखास कमी पडते. नुसत्या भात-चिकनवर महिनोन्‌महिने वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकलेले मी पाहिले आहेत. उलट, तयार खाद्य चालू असताना वर कॅल्शियमचे सिरप देणे मोठ्या चणीच्या पिल्लांच्या हाडांना अपायकारक ठरते. म्हणून पशुवैद्याने वजन पाहून सांगितल्याशिवाय कॅल्शियम सुरूही करू नये आणि वगळूही नये.

चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खायला द्यावे. शिजवलेली हाडे मात्र कधीही देऊ नयेत. ती तुटून त्यांच्या टोकदार काटक्या होतात आणि आतड्यात रुततात.

घरात पूर्ण शाकाहार आहे. अडचण येईल का?

स्वयंपाकघरात मांस शिजवायचे नसेल तर तयार खाद्याचा डबा वेगळा ठेवून, बाल्कनीत वेगळ्या भांड्यात देणाऱ्या अनेक घरांत पिल्ले उत्तम वाढली आहेत. तेही चालणार नसेल तर पिल्लू घेण्याआधी पशुवैद्याशी बोलावे, कारण केवळ वरण-भात आणि दह्यावर वाढीच्या वयातली गरज भागत नाही.

घरातील कोणत्या वस्तू त्याच्यापासून दूर ठेवाव्यात?

चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि बेदाणे, कांदा, लसूण, तसेच साखरविरहित गोळ्यांमध्ये आणि च्युइंगगममध्ये वापरतात ते झायलिटॉल, हे सर्व कुत्र्यांना विषारी आहे. दिवाळीत करंजीच्या सारणातले आणि लाडवातले बेदाणे हमखास विसरले जातात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ताप उतरावा म्हणून कधीही देऊ नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला ते गरम लागते म्हणजे ताप आहेच असे नव्हे. कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदराचे औषध आणि मोबाइल चार्जरची वायर या तीन गोष्टी जमिनीपासून उंच ठेवाव्यात.

अंगावर गोचीड आहेत आणि काही ठिकाणी केस गेले आहेत. घरगुती उपाय चालेल का?

चालणार नाही. रॉकेल, तंबाखूचे पाणी आणि गॅरेजमधून आणलेले जळके ऑइल हे तिन्ही उपाय आजही सर्रास सांगितले जातात. पिल्लू स्वतःचे अंग चाटते आणि ते सारे पोटात जाते; जळक्या ऑइलने कातडी भाजतेही. गोचीड उपटायची असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, बोटांत चिरडू नये. औषध वय आणि वजन पाहूनच वापरावे, कारण मोठ्या कुत्र्याचे थेंब निम्मे करून पिल्लाला टाकणे जिवावर बेतू शकते. गोचीड घराच्या भिंतींच्या फटींत आणि चौकटींत अंडी घालते, त्यामुळे नुसते कुत्रे स्वच्छ करून भागत नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या एहर्लिकिया आणि बाबेसिया या तापांत पिल्लू मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि कधी नाकातून रक्त येते. तेव्हा रक्ततपासणी करून घ्यावी. केस जाण्याचे कारण लूत आहे की बुरशी, हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते.

पिल्लू सारखे चावते. दात लागून रक्त आले तर काय करावे?

चावणे हा त्याचा खेळ आहे, आणि चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येतात तेव्हा ते वाढतेही. चावल्याबरोबर खेळ थांबवून हात मागे घ्यावा आणि चावण्यासाठी ओल्या फडक्याची थंड केलेली गाठ द्यावी. तोंडावर मारू नये.

रक्त आले, मग खरचटण्याइतके का असेना, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. लस न झालेल्या, रस्त्यावरून आलेल्या पिल्लाच्या बाबतीत 'ते किती लहान आहे' या समजुतीवर विसंबू नये. रेबीज पिल्लांनाही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीपूड भरू नये.

शी-शू ठरलेल्या जागी करायला कसे शिकवावे?

जितके महिने वय, त्यात एक मिळवून जितके तास येतात, तितकाच वेळ ते फार तर थांबू शकते. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर दर वेळी त्याच जागी न्यावे आणि तेथे केल्याबरोबर, त्याच क्षणी, कौतुक करावे. चुकीच्या जागी केले म्हणून त्याचे नाक त्यात घासण्याची जुनी पद्धत क्रूर आहे आणि निरुपयोगीही आहे. त्यातून ते एवढेच शिकते की, तुमच्यासमोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग सोफ्यामागे जाऊन करू लागते.

लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचेच नाही का?

जमिनीवर सोडायचे नाही. उचलून मात्र रोज न्यावे. ३ ते १४ आठवड्यांच्या काळात जे आवाज, माणसे आणि वाहने त्याच्या सवयीची होतात, त्यांची भीती पुढे वाटत नाही. कडेवर घेऊन भाजी मंडईच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहावे, रिक्षातून एक फेरी मारावी, ढोल-ताशाचा सराव लांबून ऐकू द्यावा. ज्यांच्या लसी पूर्ण आहेत अशा ओळखीच्या कुत्र्यांशी घरात भेट घडवावी. ही वर्षे नव्हेत, जेमतेम ११ आठवडे आहेत, आणि दत्तक पिल्लू हातात येते तेव्हा त्यांतले निम्मे बहुधा गेलेले असतात.

अंघोळ किती वेळा घालावी?

महिन्यातून एकदा पुरेशी आहे, आणि घरी आल्यावर पहिले काही दिवस नकोच. माणसांचा साबण वापरू नये.

पावसाळ्यात वेगळी काळजी लागते का?

लागते. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात, आणि मुंबई-कोकणात हा धोका दरवर्षी असतो. पिल्लाला डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये, फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करावी. छोट्याशा जखमेतही पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून कान आणि शेपटीखालची जागा रोज पाहावी. उन्हाळ्यात तळहात रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्या रस्त्यावर पिल्लाला चालवू नये.

नसबंदी केव्हा करावी? मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, असे म्हणतात.

त्याला वैद्यकीय आधार नाही. मादी साधारण ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान प्रथम माजावर येते. त्याआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका फार कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या चणीच्या पिल्लांसाठी पशुवैद्य थोडे थांबायला सांगू शकतात. थांबायचे असेल तर माजाचे जवळजवळ तीन आठवडे तिला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते.

सोसायटीने कुत्रे ठेवायला मनाई केली आहे. पिल्लू परत द्यावे लागेल का?

लागणार नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यास मज्जावही करता येत नाही. मात्र आपली बाजू स्वच्छ असावी: रेबीज लसीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, महापालिकेचा परवाना काढून त्याचे नूतनीकरण करत राहावे, बाहेर नेताना पट्टा बांधावा आणि शी स्वतः उचलावी.

आम्ही दोघेही नोकरी करतो. पिल्लू दिवसभर एकटे राहील का?

तीन-चार महिन्यांचे पिल्लू दिवसभर एकटे राहू शकत नाही. पहिले काही आठवडे रजा आळीपाळीने घ्यावी, शेजारच्या काकूंना किंवा कामाला येणाऱ्या ताईंना दुपारी एकदा डोकावण्याची विनंती करावी, आणि एकटे ठेवण्याची सवय पाच मिनिटांपासून वाढवत न्यावी. यांतले काहीच शक्य नसेल तर दीड-दोन वर्षांचे मोठे कुत्रे दत्तक घेण्याचा विचार करावा. त्याची उंची, स्वभाव आणि खाण्याच्या सवयी आधीच कळलेल्या असतात, लसी बहुधा झालेल्या असतात, आणि पिल्लांच्या मागे लागलेल्या लोकांच्या नजरेतून ते नेहमी सुटलेले असते.